फोटोसाठी केलेला कोयता

आमच्या घराच्या दारावर पितळी पाटी आहे. वर माझं नाव, त्याखाली ‘प्रगतशील बागायतदार’ आणि त्याखाली ‘सदस्य, पंचायत समिती’. लोहार हा शब्द पाटीवर कुठंही नाही. पाटीवाल्यानं विचारलं होतं, "आप्पा, मूळ धंदा टाकू का खाली?" मी म्हणालो, "जागा उरली तर टाक." जागा वीतभर उरली होती. ती त्यानं मोकळी सोडली आणि मी पाटी तशीच लावून घेतली. लोहारकीच्या आठवणी दिवाळी अंकाला लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी दारात जाऊन ती मोकळी जागा बघून आलो. म्हटलं, लिहायचं तर खरं लिहावं. नाहीतर माझ्या भाषणांची कात्रणं कपाटात भरपूर आहेत, तीच छापा म्हणावं.

आमचं गाव दौंड तालुक्यातलं, खुटबावपासून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावरचं. वडील लवकर गेले, म्हणून धंदा मी शिरूर तालुक्यात केंदूरला मामाकडं शिकलो. मामा कमी बोलायचा आणि बोललाच तर शिव्या द्यायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, लोहार म्हणजे भाता, ऐरण, घण आणि घाम. तापलेलं लोखंड ठोकलं की झालं हत्यार. ठोकायला कुणीही शिकतो. त्याला रेड्याची ताकद लागते आणि रेड्याएवढीच अक्कल पुरते, असं मामा म्हणायचा.

खरी लोहारकी पाण्यात असते. कोयता घडवून धारेला आला की तो लाल करायचा आणि फक्त धारेचा काठ पाण्यात धरायचा. याला आम्ही पाणी देणं म्हणतो. त्यानं धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून तिथं थांबायचं नाही. धार विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी करायची आणि बघत बसायचं. कोयत्याच्या पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडं सरकते, आणि तिच्याबरोबर लोखंडावर रंग सरकतात. आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग वांग्याच्या सालीसारखा जांभळा. जांभळा धारेला टेकला की पुन्हा पाण्यात. तेवढ्या वेळात कुणाशी बोलायचं नाही, तंबाखू मळायची नाही, रस्त्यावर कोण चाललंय ते बघायचं नाही. हा दुसरा भाग चुकला तर कोयता एक तर वाकतो, नाहीतर तुटतो. वाकलेला सरळ करता येतो. तुटलेल्याचं काही करता येत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असायची. एकदा भर उन्हात नवरदेवाची वरात आमच्या भट्टीच्या छपरापुढं थांबली. वाजंत्री वाजतेय, घोडा घामाघूम, आणि नवरदेवाचा बाप खाली उतरून हात जोडतोय. टोकाला लिंबू खोचायची कट्यारच घरी विसरली होती. मी एका जुन्या कानशीची कट्यार ठोकून दिली. सासऱ्यानं ती बघून "खानदानी दिसते" असं म्हटल्याचं पुढं कळलं. लग्न अजून टिकून आहे, कट्यारीचं माहीत नाही.

दुसरं गिऱ्हाईक गहिनीनाथ. हा बीडकडचा. दर हंगामाला पाटसच्या साखर कारखान्याला ऊस तोडायला यायचा, पुढं मुकादम झाला आणि स्वतःची टोळी आणायला लागला. कोयते माझ्याकडचेच घ्यायचा. प्रत्येक कोयता कानाशी धरून टिचकी मारायचा आणि आवाज ऐकायचा. मग टोळीतल्या बायकांना एकेक करून बोलवायचा, त्यांच्या मनगटाकडं बघायचा आणि म्हणायचा, "हिला हलका काढा." साखरपट्ट्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. टोळीत किती माणसं विचारत नाहीत, किती कोयते विचारतात. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. दोघांतलं एक बसलं की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुठल्याच टोळीत भाव नसतो. हे सगळं मला त्या कारखान्यातल्या साहेबांपेक्षा जवळून माहीत होतं. माहीत होतं, हेच पुढं मला खात राहिलं.

जमीन कशी झाली, असं लोक अजून विचारतात आणि मी भाषणात ‘कष्टानं’ असं सांगतो. कष्ट होतेच, पण कष्ट मामानंही केले आणि त्याला गुंठाभर मिळाली नाही. ज्या घराच्या खळ्यावर आमची आई सुगीला बलुत्याचं धान्य घ्यायला पोतं घेऊन उभी राहायची, त्या घरातली पोरं पुण्याला नोकरीला लागली आणि त्यांनी माळाचा मुरमाड तुकडा विकायला काढला. कुसळसुद्धा उगवत नाही म्हणून गाव हसत होतं. मी घेतला. पुढं पाण्याची पाइपलाइन नेमकी त्याच्या उशाशी आली आणि लोक म्हणाले, लोहार बेरकी आहे, त्याला आधीच कळलं होतं. मला काही कळलं नव्हतं. मला फक्त जमीन पाहिजे होती, कसलीही.

राजकारणात तर याहून सोप्या रीतीनं आलो. गावात दोन गट होते आणि सरपंच कुणाचा यावर दोघांचं जमत नव्हतं. दोन्ही गटांचे फाळ आणि कुळव माझ्याच छपरात येऊन पडायचे. शेवटी पारावर एक म्हातारे आबा म्हणाले, "त्या लोव्हाराला करा. त्यो कुनाचाच न्हाई, म्हंजी दोघांचा बी हाय." झालो सरपंच. ‘ए शंकऱ्या’ म्हणणारे ‘आप्पा’ म्हणायला लागले. भट्टी आधी बाजाराच्या दिवशी पेटायची, मग गहिनीनाथ आला तरच, मग दसऱ्याला पूजेपुरती. माळावर ऊस उभा राहिला. ज्यांच्यासाठी कोयते केले तेच लोक माझा ऊस तोडायला यायला लागले आणि मी बांधावर खुर्ची टाकून बसायला लागलो. खुर्चीची लाज वाटायची नाही असं नाही. पण बसल्यावर थोड्या वेळानं जाते.

पंचायत समितीच्या निवडणुकीत माझा प्रचार सचिन बघत होता. तिशीतला, हुशार, एका वेळी दोन मोबाइलवर बोलणारा. त्याला एक दिवस सुचलं. "आप्पा, समोरच्याकडं गाड्या हायेत. आपल्याकडं ऐरण हाय. तुमी कोयता घडीवताय, आन् तोच कोयता ऊसतोड बाईच्या हातात देताय, असा एक फोटो झाला ना, बाकी प्रचार नाय केला तरी चालतंय."

मला आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. घरामागच्या छपरात भट्टी पेटवली. गहिनीनाथची टोळी तेव्हा माझ्याच उसात होती. सचिननं टोळीतल्या एका बाईला बोलावून आणलं. अलका तिचं नाव, नवऱ्याचं बाळू. तिचं लुगडं भडक होतं, फोटोत उठून दिसेल म्हणून तिची निवड झाली. गाव जमलं. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापवला आणि घण उचलला. हात विसरला नव्हता. चार घाव बसल्यावर लोक कुजबुजायला लागले, "आप्पा अजून ठोकतोय बघ." मला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. कोयता झाला, लाल केला, आणि मी धार पाण्यात धरायला वाकलो.

"आप्पा, थांबा. सगळाच बुडवा. वाफ आली पायजे."

"सगळा बुडवत नसत्यात, सचिन."

"फोटोपुरतं ओ. ही नुसती धार बुडवल्याली दिसतच न्हाई."

मी सगळा बुडवला. वाफ आली, पण मध्ये कुणाचा तरी हात आला. पुन्हा लाल केला, पुन्हा बुडवला. या वेळी सचिनच्या मोबाइलवर ऊन आलं. पुन्हा. शेवटी वाफेचा असा लोट उठला की जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानं ते बघितलं असतं तर सांडशी फेकून मारली असती.

आता रंग उतरवायचा राहिला होता. विटेचा तुकडा मी शोधतच होतो, एवढ्यात तालुक्याचे पुढारी गाडीतून उतरले. त्यांना पुढं जायची घाई. सचिननं कोयत्याला मूठ ठोकून घेतली, पुढाऱ्यांना माझ्याशेजारी उभं केलं आणि अलकाला समोर. मी कोयता दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. तिनं माझ्याकडं बघितलं तेव्हा वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, ‘बाई, हा वापरू नको, अजून व्हायचाय.’ पण पुढारी लोकांना सांगत होते, "हे बघा, आमच्या आप्पांच्या हातची धार." त्यांच्यापुढं, मोबाइलच्या पुढं, सगळ्या गावापुढं माझा कोयता कच्चा आहे हे मला सांगता आलं नाही. संध्याकाळी मागवून घेऊ, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी पाटसला सभा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथचा फोन आला. "आप्पा, अलकीला लागलंय."

"कशानं?"

"कोयता उडाला." तुमचा कोयता, असं तो म्हणाला नाही.

मी गाडी घेऊन उसात गेलो. बुडख्यात घाव घालताना पातं मधोमध तुटलं होतं आणि टोकाचा तुकडा उलटा येऊन तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी बसला होता. ऊस डाव्या हातानं धरतात. बाळूनं तिचाच पदर फाडून घट्ट बांधला होता आणि तो लाल झाला होता. दोघांना मागं बसवून दौंडच्या दवाखान्याकडं निघालो. हायवेला लागलो तर चौकात माझा फ्लेक्स. एका रात्रीत सचिननं लावूनही टाकला होता. मागं वाफेचा लोट जोडलेला, पुढं मी, शेजारी पुढारी, माझ्या हातात कोयता. मी फक्त रस्त्याकडं बघत गाडी चालवत होतो. मागून अलका म्हणाली, "अवं, त्यो बघा कालचा फोटू. मी हाय का त्यात?"

बाळू काचेतून बघून म्हणाला, "तू न्हाईस. तुझा हात हाय निस्ता."

"हात तर हाय," ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं तिच्या आवाजात कळत होतं. मी गाडीचा वेग वाढवला.

डॉक्टर म्हणाले, अंगठा ओढणारी शीर तुटली आहे. शिवली, पण अंगठा पहिल्यासारखा वळेल असं सांगता येणार नाही. या हंगामात ऊस धरायचा नाही. बाळूनं फक्त एकच विचारलं, "हंगाम संपायला लई दिस हायेत अजून, मंग?" डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. मला कळला.

आमच्या भागात एक जुनी रीत होती. लोहाराचं हत्यार दगा देऊन गेलं तर शेतकरी भांडायला येत नसे. तो छपरात यायचा, हत्यार ऐरणीवर ठेवायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. मग ते पुन्हा करून दिल्याशिवाय लोहारानं दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. बसलेली गिऱ्हाइकं बसून राहायची, येणारे-जाणारे बघायचे. केंदूरला असताना ऐन पेरणीत माझ्या हातचा एक फाळ वाकला होता. मालकानं तो आणून ऐरणीवर ठेवला. मामा भात्यावर जाऊन बसला आणि मला म्हणाला, "कर." दिवस मावळेपर्यंत मी जेवलो नाही. लोहाराला त्याहून मोठी शिक्षा नव्हती आणि त्याहून मोठा मानही नव्हता, कारण चूक दुरुस्त करायची पहिली संधी त्यालाच मिळायची.

मी तुटलेल्या कोयत्याची वाट बघायला लागलो. प्रचाराला निघायच्या आधी छपरात डोकावायचो, आल्यावर पुन्हा डोकावायचो. ऐरणीवर धूळ होती, बाकी काही नाही. माझी बायको सुमन एकदा म्हणाली, "कुनी येनार हाय का तिथं?" मी म्हणालो, "न्हाई, कोन येनार."

मग एके दिवशी तिघं आली. अलका, बाळू आणि गहिनीनाथ. मी खुर्च्या दिल्या, पण तिघं खाली बसली. अलकाचा हात गळ्यात अडकवलेला होता. मला वाटलं, आता तरी बोलतील. दोन शिव्या दिल्या असत्या तरी मला चाललं असतं.

बाळू म्हणाला, "आप्पा, चूक आमचीच हाय. हिनं घाव दगडावर मारला आसंल."

"तुमी हौसेनं दिला," अलका म्हणाली, "आन् मला संबाळता आला न्हाई."

मी विचारलं, "तुकडे कुठं हायेत कोयत्याचे?"

गहिनीनाथ जरा पुढं सरकून हळू आवाजात म्हणाला, "हिरीत टाकले मी. मतदानाचं दिवस हायेत, उगं कुनी बघाय नको. तुमी काळजी करू नका."

त्यानं ते माझ्यासाठी केलं होतं. माझ्या कोयत्याला कानाशी धरून टिचकी मारणारा माणूस, त्यानंच माझा तुटका कोयता लपवला होता. माझे कान तापले. मी म्हणालो, "गहिनीनाथ, पाणी चुकलं होतं. रंग उतरवला न्हवता. दगड न्हवता का कायबी न्हवतं. माझ्यामुळं झालं."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना ओशाळल्यासारखं झालेलं दिसत होतं, जणू मीच काहीतरी वावगं बोललो होतो. मग गहिनीनाथ हसला. "काय आप्पा. तुमचं कुठं चुकत असतंय."

सुमननं चहा आणला. त्यांनी तो घेतला आणि तिघं निघाली. दवाखान्याचं मी बघितलं होतं, त्याबद्दल जाताना अलका माझ्या पाया पडली. एका हातानं.

मी निवडून आलो. सचिनला फ्लेक्स काढायला सांगितला होता, तो म्हणाला, "आप्पा, त्या फोटोवर तर निवडून आलाय." गुलालात माखलेला मी घरी आलो आणि छपरात जाऊन बसलो. सुमन दारात येऊन म्हणाली, "लोक बाहेर थांबल्यात." मी तिला सगळं सांगितलं, ओठावर येऊन थांबलेल्या वाक्यासकट. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मंग आता करून द्या की." एवढं सोपं तिलाच वाटू शकतं.

गुलाल उतरल्यावर एका सकाळी कुणाला न बोलावता भट्टी पेटवली. अलकाच्या उजव्या मनगटाला बेतून हलका कोयता घडवला. धार पाण्यात धरली, विटेनं घासली आणि बघत बसलो. पिवळा आला, तपकिरी आला, जांभळा धारेला टेकला. डोळा चुकला नाही. आयुष्यात केलेल्या कोयत्यांत तो चांगल्यापैकी एक होता, हे मी कुठल्याही लोहारापुढं सांगेन.

टोळी तोवर दुसऱ्या मळ्यात गेली होती. तिथं त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडल्या होत्या. अलकाची सासू गावाकडून आली होती. हातातल्या नातवंडाला सुनेच्या स्वाधीन करून म्हातारी ऊस तोडायला, मोळ्या बांधायला उभी राहिली होती, का तर बाळूचा कोयता पुरा भरावा. तिची पाठ आधीच वाकलेली होती. मी अलकाला कोयता दिला आणि म्हणालो, "ह्यो पक्का हाय. मी बसून केलाय. तुझा हात बरा हुईपर्यंत सासूला चालवू दे." तिनं घेतला, कपाळाला लावला. बाळूनं पातं निरखून बघितलं, धारेवरून अंगठा फिरवला आणि "झकास हाय" म्हणाला. घरी परत येताना कितीतरी दिवसांनी मी गाडीत गाणं लावलं.

हंगाम संपून कारखाना बंद झाला, टोळ्या परतायला लागल्या, तेव्हा निरोप द्यायला गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढत होतं. म्हातारी एका कडेला बसून हात चोळत होती. तिच्या आणि बाळूच्या पायाशी दोन कोयते पडले होते, उसाच्या रसानं काळे पडलेले, धार झिजलेले. दोन्ही बाजारातले होते, हे लांबूनच कळत होतं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मी दिलेला कुठं हाय?"

अलका लगबगीनं ट्रॉलीवर चढली. उजव्या हातानं ट्रंक उघडली, तळातून एक नवं खणाचं कापड काढलं आणि ते उलगडून मला दाखवलं. कोयता जसा दिला तसा होता. पात्यावर हळदी-कुंकू वाहिलेलं होतं आणि उसाचा एक डागही नव्हता.

"जपून ठेवलाय आप्पा," ती म्हणाली. "तुमच्या हातचा हाय."

बाळू ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत होता. गहिनीनाथ दोरी आवळत होता, ती आधीच आवळलेली होती. उरलेला हंगाम म्हातारीनं बाजारातला कोयता झिजवला, पण माझ्या कोयत्याला कुणी हात लावला नव्हता. पक्क्या कोयत्याला कुणी ट्रंकेत ठेवत नाही, हे त्या तिघांना माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, "बरं केलं."